बोडकी जुडी

ऑलिव्ह टीचरला तिच्या वर्गातून काढलं, ही बातमी गावठणभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. तिच्या स्वतःच्या डोक्यात ती शिरायला मात्र बराच वेळ लागला, कारण असं काही होऊ शकतं हे त्या डोक्याला मान्यच नव्हतं. देवळावर नवी कौलं चढली, मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, किती फादर आले आणि बदलून गेले. पण पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना रविवारी सकाळी देवळामागच्या पडवीत धर्म शिकवणारी ऑलिव्ह टीचर तीच राहिली होती. अंधेरी पूर्वेच्या त्या जुन्या ख्रिस्ती गावठणात ज्यांचे केस आता पिकायला लागले होते, तेही क्रूसाची खूण करायला तिच्याच हाताखाली शिकले होते. अशा बाईला पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात, ऐन कम्युनियनच्या तोंडावर, कुणी घरी बस म्हणून सांगावं?

ती लग्नाविना राहिली होती. मागण्या आल्या नव्हत्या असं नाही. पण मुलगा बघायला आला की ही आधी त्याच्याकडून दहा आज्ञा म्हणून घेत असणार, असं लोक पाठीमागे म्हणत. महापालिकेच्या शाळेत तिनं नोकरी केली, पण पोटची मानली ती ही रविवारची मुलं. नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव, आणि हातात सागवानी फूटपट्टी. ती पट्टी तिनं कधी लपवली नाही. देव ज्याच्यावर जीव लावतो त्याचाच कान पिळतो, परक्याच्या पोराला सुधारायला कोण जातंय, असं ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. म्हणजे मार बसला तर मुलांनी त्यात आनंदच मानायचा होता. मुलं तो कितपत मानत होती, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

पुरावा म्हणून ती दरवर्षी स्वतःची गोष्ट सांगायची. गावठणाला शेतं होती तेव्हाची. आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी वाजतगाजत देवळात न्यायची, पाद्रीनं तिला आशीर्वाद द्यायचा, आणि मगच घराघरांत नवं भात तोंडात घालायचं, अशी रीत होती. ऑलिव्ह तेव्हा या मुलांएवढीच होती. सणासाठी घरात बाजूला ठेवलेल्या जुडीच्या लोंब्या तिनं ओरबाडल्या आणि कोपऱ्यात बसून दाणे सोलून सोलून खाल्ले. तिच्या बापानं, बॅप्टिस्टनं, पेरूच्या फोकानं तिला असं सडकलं की तिला धड बसता येईना. त्या दिवसापासून देवाचा वाटा मी कधी तोंडात घातला नाही, बापाच्या त्या माराचे मी रोज आभार मानते, आणि देवाचा मारही असाच असतो, असं म्हणून टीचर गोष्ट संपवायची. मुलं गुपचूप आपापल्या तळव्यांकडे बघायची.

या वर्षीच्या वर्गात मॉनिका होती, प्रेमाची मुलगी. प्रेमा सीप्झमधल्या एका कारखान्यात कामाला जायची आणि तिनंही लहानपणी टीचरची पट्टी खाल्ली होती. आईसारखी पोर गरीब निघाली असती तर काही झालं नसतं. पण मॉनिका प्रश्न विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही.

कम्युनियनला एक आठवडा राहिला होता आणि टीचर तालीम घेत होती. अभिषेक न झालेल्या साध्या पापड्या देवळातून आणल्या होत्या. ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवायचा, विरघळू द्यायचा, त्याला दात लावायचा नाही, हा टीचरचा कायदा होता. तिला लहानपणी तसंच शिकवलं होतं. आता तसं काही नाही, असं नव्या फादरांनी सांगितलं होतं, पण फादरांच्या सांगण्यावरून टीचर आपले कायदे बदलत नसे. मॉनिकानं पापडी तोंडात घेतली आणि कुरकुर चावली. सगळ्या पडवीला ऐकू गेलं. येशूला चावलं तर त्याला लागेल ना, असं टीचरनं तिला विचारलं. त्यावर मॉनिकानं विचारलं, की खा असं त्यानंच सांगितलंय ना, मग न चावता खायचं कसं? भाकर कुणी गिळतं का?

मुलं खदखदून हसली. टीचरनं हात पुढे करायला सांगितला. पहिला फटका तळव्यावर बसला. मॉनिका रडली नाही. ती नुसती बघत राहिली, अजून उत्तराची वाट बघावी तशी. मग टीचरनं तिचा हात उलटा करून पट्टी आडव्या धारेनं बोटांच्या पेरांवर हाणली. तू मला आवडतेस म्हणून मारते, हे वाक्य ती नेहमीप्रमाणे म्हणाली आणि पुढच्या मुलाला तोंड उघडायला सांगितलं.

मधलं बोट टम्म सुजलं. दुपारी पोरीला चमचा धरता येईना, तेव्हा प्रेमाच्या लक्षात आलं. तरीही प्रेमा गप्प बसली असती, कारण टीचरशी भांडायला जाण्याची छाती गावठणात कुणाची नव्हती. पण मॉनिकानं घरात जाहीर करून टाकलं की तिला कम्युनियन घ्यायचं नाही. भिंतीला शिवून आणलेला पांढरा फ्रॉक लटकत होता, पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. प्रेमानं आधी समजूत घातली, मग धमकावलं, मग हातापाया पडली. पोर हलायला तयार नाही. देव टीचरसारखा असेल तर मला तो नको, एवढं एकच ती सांगत राहिली. ते ऐकून प्रेमा तडक देवळात फादरांकडे गेली.

फादर अर्बन वसईकडचे, वयानं तरुण, आवाजानं मऊ. त्यांनी टीचरला आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं, चहा मागवला आणि बराच वेळ चहाबद्दलच बोलत राहिले. मग म्हणाले की यंदा मुलांची उरलेली तयारी ते स्वतःच करून घेतील, टीचरनं आता थोडा आराम करावा. टीचरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही वसईत चड्डी सावरत फिरत होता तेव्हापासून मी ही मुलं देवापुढे उभी करतेय, असं तिनं त्यांना तोंडावर सुनावलं. बिशपांकडे जाईन म्हणाली. पट्टी काय मी गंमत म्हणून धरते का, म्हणाली. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली, की टीचरनं त्या पोरीची माफी मागावी, नाहीतर ती रविवारी यायची नाही.

"मोठ्यांनी लहानांची माफी मागायची?" टीचर म्हणाली. "मग उद्या देवानंही आपली मागावी."

फादरांनी कप बाजूला ठेवला. "टीचर, ती पोर देवाला नको म्हणतेय. देवाला तिनं कुठं पाहिलंय? तिनं तुम्हाला पाहिलंय."

टीचर उठली. चहाला तिनं हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फादरांनी तालीम ठेवली, तेव्हा ती देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. रस्ता काही फादरांच्या बापाचा नव्हता, आणि बघायला कुणाची बंदी नव्हती. मुलांनी तिला पाहिलं आणि सगळ्या माना एकदम खाली गेल्या. एकानंही हसून गुड मॉर्निंग टीचर म्हटलं नाही. दोन-दोनच्या रांगेत मुलं वेदीकडे चालत जात होती, आणि एका मुलीच्या बाजूची जागा मोकळी होती. त्या मुलीला जोडीदार नव्हती म्हणून ती सारखी बाजूला बघत होती, चालता चालता अडखळत होती. टीचरला ती मोकळी जागा बघवेना. या इतक्या वर्षांत तिच्या वर्गातलं एकही मूल कम्युनियनवाचून राहिलं नव्हतं. काविळीनं पिवळ्या पडलेल्या मुलाला तिनं खुर्चीत बसवून वेदीपर्यंत नेलं होतं. आणि ही धडधाकट पोर घरात बसून देवाला नको म्हणत होती.

हा दोष कुणाचा? प्रेमाचा, जिनं पोरीला लाडावलं. फादरांचा, ज्यांना गोड बोलण्यापलीकडे काही येत नाही. टीव्हीचा. इंग्रजी शाळांचा. घरी पोचेपर्यंत टीचरनं अर्ध्या मुंबईवर आरोप ठेवून झाले होते.

बॅप्टिस्ट ओट्यावर बसून झावळ्यांचे हीर काढत होता. त्याची ऐंशी केव्हाच उलटली होती. शेतं गेली, बैल गेले, पण हातांना काहीतरी लागायचं, म्हणून तो घरोघर वाटायला खराटे बांधायचा. टीचर त्याच्यासमोर येऊन बसली आणि तिनं सगळी कहाणी पुन्हा एकदा ओकली, फादरांना नावं ठेवत, प्रेमाला नावं ठेवत. शेवटी तिनं आपला हुकमी पुरावा काढला.

"तूच सांग बाबा. आगेऱ्याच्या वेळी तू मला फोडून काढलंस, म्हणून मी माणसात आले की नाही? ते प्रेमच होतं ना?"

बॅप्टिस्टनं एक हीर पानापासून पूर्ण सोलून काढला आणि बाकीच्यांत टाकला.

"प्रेमानं नाय मारला गो तुना," तो म्हणाला. "मना लाज वाटली व्हती. त्या साली जुडी नेवाचा मान आपल्या घराचा व्हता. सगला गाव हसंल, म्हणून मारला."

हे माणूस म्हातारपणी काहीतरी बरळतंय, असं टीचरला क्षणभर वाटलं. पण तो बरळत नव्हता. तो खाली मान घालून, जणू आजच कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे अशा आवाजात सांगत होता. त्या दिवशी फोक मोडला तेव्हा तो थांबला, पोरीवर दया येऊन नाही. ती कोपऱ्यात हुंदके देत झोपली, आणि मग त्याला आपल्या हाताचीच शिसारी आली. त्याच्या आईनं त्याला समजावलं की शेत पिकून उभं आहे, सकाळी दुसरी जुडी काप आणि जा, कुणाला कळणार आहे? त्यालाही ते पटलं होतं. विळा घेऊन तो बांधापर्यंत गेला होता.

"मग?" टीचरनं विचारलं. ही पुढची गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती.

मग तो विळा घेऊन परत आला. दुसरी जुडी नेली असती तर पोरीला कळलं असतं की बापाला देवापेक्षा गाव मोठा आहे. म्हणून त्यानं तीच ओरबाडलेली जुडी घेतली आणि पोरीला उठवून, तोंड धुऊन, बरोबर नेली. पुढे बँड, मागे सगळा गाव, आणि मधे हे दोघं. लोक कुजबुजले, हसलेही. वेदीपाशी पाद्रीनं ती जुडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हे काय म्हणून विचारलं.

"मी बोललो, पाद्रीबाब, आमी खाल्ला. माफ करा." बॅप्टिस्टनं पहिल्यांदाच मान वर केली. "तू माजा बोट धरून व्हतीस. पाद्रीनं त्याच बोडक्या जुडीवर पाणी शिंपडला. तुना आठवत नाय?"

टीचरला आठवत नव्हतं. फोक आठवत होता, त्याची पानं कुठं निघालेली होती तेही आठवत होतं, पण हे नाही. मग तिला वाटलं, की एक बोट आठवतं खरं, खरखरीत, नखात चिखल गेलेलं, आणि आपण ते गच्च धरलेलं. ते कुठल्या तरी दुसऱ्याच वर्षीचं असेल असं ती समजून चालली होती.

"माझी सगळी गोष्ट तू खोटी पाडलीस," ती म्हणाली.

"मी कंदी बोललो, मारला म्हणून तू सुधारलीस? ते तूच सांगत फिरलीस." म्हातारा पुन्हा झावळीकडे वळला.

टीचर आत गेली आणि तिनं भांडी आपटायला सुरुवात केली. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली. तिला बापाचा राग आला होता, फादरांचा आला होता आणि सगळ्यात जास्त आला होता तो भिंतीवरच्या अल्तारातल्या, घरच्या देव्हाऱ्यातल्या येशूचा, जो छातीवरचं उघडं काळीज दाखवत नेहमीसारखा शांत उभा होता. संध्याकाळची रोझरी तिनं त्या दिवशी म्हटली नाही. काय म्हणून म्हणायची? तुझ्यासाठी घर केलं नाही, संसार केला नाही, आणि तू मला चारचौघांत खाली बघायला लावलंस, असं तिनं त्याला मनातल्या मनात खडसावलं. माझं काय चुकलं ते सांग. एकदा तोंड उघडून सांग.

मग हात पाण्यात असताना तिला आपल्याच वर्गातलं आपलं वाक्य ऐकू आलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. देव ज्याच्यावर जीव लावतो त्याचाच कान पिळतो. इतक्या मुलांना तिनं हे शिकवलं होतं. आज पहिल्यांदा तिचा स्वतःचा कान धरला गेला, तर ती गावभर बोंबलत सुटली होती की माझा अपमान झाला. तिच्याच शिकवणीप्रमाणे तिनं आता आभार मानायला हवे होते. तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचाही राग आला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला कुणी मारलंच नव्हतं. फादरांनी आधी दार लोटलं होतं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. बापानं तिच्या आयुष्याचा पुरावा मोडून टाकला, पण तिला तोंड लपवावं लागू नये म्हणून मान खाली ठेवली. दोघांनाही तिची फजिती करता आली असती. फोकापेक्षा हे जास्त झोंबलं होतं, पण हे करणारे दोघंही तिच्याच बाजूचे होते. तिला लाज वाटली. आणि आपल्यावर कुणाचा तरी जीव आहे असंही वाटलं, ज्याची तिला अजिबात सवय नव्हती. तिनं ओल्या हातानं डोळे पुसले आणि आणखी एक टोप घासायला घेतला.

शरण जाणं मात्र तिच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली की मी त्या पोरीशी बोलणार आहे, पण तुम्ही सांगितलं म्हणून नाही. आणि पुढच्या वर्षी हा वर्ग मी परत मागणार आहे, तेव्हा तयारीत राहा. फादर म्हणाले की फूटपट्टीशिवाय मागितला तर विचार करू. ते आपण बघून घेऊ, म्हणाली, आणि निघाली. पट्टीचं काय करायचं हे तिनं अजून ठरवलं नव्हतं, आणि ते फादरांना सांगायची गरज तिला वाटली नाही.

मे महिन्यात गावठणाच्या तिठ्यावरच्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना असे. क्रूसाला झेंडूच्या माळा, पुढे मेणबत्त्या, एक म्हातारा व्हायोलिन काढून बसायचा आणि सगळे मिळून लदीन म्हणायचे, म्हणजे संतांची नावं घेत मागितलेली लांबलचक विनवणी. शेवटी खोबरं घातलेले उकडलेले चणे वाटायचे. चणे हातात पडण्याआधी लहानांनी मोठ्यांपुढे जाऊन हात जोडायचे आणि आशीर्वाद मागायचा. मोठ्यांनी त्यांच्या कपाळावर क्रूस काढायचा. दिवसभर कितीही भांडण झालेलं असो, मागणाऱ्याला आशीर्वाद नाकारायचा नाही, ही जुनी रीत. मोठ्यानं लहानाकडे आशीर्वाद मागण्याची रीत मात्र कुणी ऐकली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी टीचर निघाली तेव्हा बॅप्टिस्टही ओट्यावरून उठला आणि चपला शोधू लागला. गुडघ्यांमुळे तो पावसाळ्यापासून क्रूसापर्यंत आला नव्हता. तू कशाला येतोस, हे माझं काम आहे, असं टीचर त्याच्यावर खेकसली.

"मारवाला तू माज्याकडनंच शिकलीस ना," तो म्हणाला. "मंग एकली कशी जाशील?"

ती यावर भांडू शकली असती. तिनं त्याची काठी शोधून दिली.

लदीन संपली. प्रेमा गर्दीच्या कडेला उभी होती आणि मॉनिका तिच्या मागे. आशीर्वाद मागायला मुलं पुढे सरकली, मॉनिका जागची हलली नाही. टीचर माणसांतून वाट काढत सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. व्हायोलिनवाला तारा सैल करत होता, तो थांबला. प्रेमानं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. टीचर काय बोलणार हे कुणालाच माहीत नव्हतं. पोरीच्या बोटाची सूज उतरली होती, पण पेर अजून काळंनिळं होतं.

"मॉनिका," ती वर्गात बोलायची तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मी तुला मारलं ते तुझ्यावरच्या प्रेमानं नाही. तू बरोबर विचारलंस आणि मला उत्तर आलं नाही. मुलं हसली, मला लाज वाटली, म्हणून मारलं. देवाचं नाव मी उगाच मधे घातलं. त्याचा त्यात काही हात नव्हता."

टीचरनं दोन्ही हात जोडले.

"मला आशीर्वाद दे."

मागून एक बाई पुटपुटली की पोरंसोरं कधी मोठ्यांना आशीर्वाद देतात काय, पाप लागेल. टीचरनं मान न वळवता तिला गप्प बसायला सांगितलं. ही बाईही तिचीच विद्यार्थिनी होती, ती गप्प बसली. बॅप्टिस्ट काठी टेकत येऊन लेकीच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही हात जोडले.

मॉनिकानं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा टीचरकडे.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"मग रागानं दे."

पोर पुढे आली, टाचा उंचावल्या आणि टीचरच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, इतका जोर लावून की नख टोचलं. बॅप्टिस्ट खाली वाकला, त्याच्या कपाळावर तिनं जरा हळू काढला. प्रेमा पदरानं डोळे पुसत होती, चणे वाटणारा टोपली घेऊन पुढे येत होता, आणि सगळं आटोपलं असं वाटत असताना मॉनिका तिथंच उभी होती. ती अजून हटली नव्हती.

"मग चावायचं का नाही?"

टीचरला या प्रश्नाचं उत्तर आजही पाठ नव्हतं. फादरांनी सांगितलेलं तिनं नीट ऐकलंही नव्हतं. पण पोर प्रश्न विचारत होती, म्हणजे पोरीला रविवारी यायचं होतं. एवढं कळल्यावर टीचर तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"चाव," ती म्हणाली. "त्याला लागलं तर लागू दे. तो मारणार नाही तुला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याचं नाव घेऊन इतकी वर्षं पोरांना मारलं. त्यानं माझ्यावर हात उगारला नाही. मला वर्गाबाहेर काढलं, आणि आपणही माझ्याबरोबर बाहेर येऊन उभा राहिला."

मॉनिकानं वळून तिठ्यावर नजर टाकली. तिथं हात जोडलेला म्हातारा होता, आई होती, आणि धुळीत बसलेली टीचर होती, जिच्या कपाळावर नखाचा लाल ओरखडा उठला होता.

"रविवारी येईन," ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही."

"माझ्यासाठी आलीस तर परत पाठवीन," ऑलिव्ह टीचर म्हणाली, आणि उठायला तिनं त्या पोरीचाच हात धरला.